विश्लेषण : भाड्याच्या घराची दुसरी चावी कुणाच्या खिशात?

भाडेकरूचे आधार कार्ड घेतले जाते, फोटो घेतला जातो, पोलिसांकडे त्याची माहिती दिली जाते. पण त्याच्या घराची दुसरी चावी ज्याच्याकडे असते, त्याची नोंद बहुतेक वेळा कुठेच नसते. घर भाड्याने देण्या-घेण्याच्या व्यवहारातील ही सर्वांत छोटी वस्तू. वाद, चोरी आणि मनस्ताप मात्र तिच्यापासूनच सुरू होतो. कायदा काय सांगतो, चांगले एजंट चाव्या कशा सांभाळतात आणि भाडेकरूने काय मागून घ्यावे, याविषयी…

हा प्रश्न नगरचा कसा?

घरांना दारे नसलेले, कुलूप न लावणारे गाव म्हणून नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर सर्वदूर माहीत आहे. युको बँकेने २०११ मध्ये तिथे बिनकुलपाची शाखा उघडली, तेव्हा त्याची देशभर बातमी झाली. त्याच जिल्ह्यात सावेडी, केडगाव किंवा बोल्हेगावच्या एखाद्या सोसायटीत कुलूप असते, सेफ्टी डोअर असते, जिन्यात कॅमेराही असतो. त्या कुलपाच्या चाव्या किती, याचा मात्र कुणाला पत्ता नसतो. शिंगणापुरात दार उघडे आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असते. भाड्याच्या फ्लॅटचे दार किती जणांना उघडता येते, हे आत राहणाऱ्यालाही ठाऊक नसते.

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके आणि भाड्याच्या घरांची मागणीही तितकीच विखुरलेली. नागापूर आणि सुपे एमआयडीसीतील कामगार व अधिकारी, राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठात आणि लोणीला प्रवरेच्या महाविद्यालयांत शिकणारी मुले-मुली, भिंगारच्या आसपास राहणारी लष्करी कुटुंबे, बदलीवर आलेले सरकारी कर्मचारी, शिर्डीत संस्थान आणि हॉटेलांच्या आधाराने जगणारे हजारो लोक. यांपैकी अनेक जण ज्या घरात राहतात, त्याचा मालक पुण्यात, मुंबईत किंवा परदेशात असतो. नगर-पुणे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. नळ गळतो म्हणून मालक तेवढ्यासाठी येत नाही. तो फोन करतो आणि चावी ज्याच्याकडे ठेवली आहे, त्याला पाठवतो.

‘प्रॉपर्टी मॅनेजर’ हा शब्द अजून मोठ्या शहरांतील कंपन्यांपुरता. आपल्याकडे हे काम इस्टेट एजंट करतो, सोसायटीचा वॉचमन करतो, किंवा शेजारच्या काकू करतात. नाव काहीही असो, काम तेच : दुसऱ्याच्या घराची चावी सांभाळणे.

वाड्यात असा प्रश्न का नव्हता?

जुन्या नगरच्या वाड्यांत मालक आणि भाडेकरू एकाच चौकाभोवती राहत. दिंडीदरवाजा रात्री आतून अडसर लावून बंद व्हायचा. प्रत्येक बिऱ्हाडाचे कुलूप बिऱ्हाडकरूने स्वतः आणलेले असे, चावीही त्याच्याचकडे. घर सोडताना तो आपले कुलूप काढून घेऊन जाई आणि पुढचा माणूस आपले लावी. कडीकोयंड्याला लावायच्या कुलपाचा हा मोठा गुण होता. घर बदलले की कुलूपही बदलत असे.

फ्लॅट आला आणि कुलूप दारातच बसवलेले आले. लॅच दाराबरोबर येते, दाराबरोबरच राहते. भाडेकरू बदलतो, रंग बदलतो, गिझर बदलतो. लॅच तेच राहते. म्हणजे पाच वर्षांत चार भाडेकरू होऊन गेले असतील, तर त्या चौघांकडे असलेली आणि त्यांनी करून घेतलेली प्रत्येक चावी आजही त्या दाराला लागते.

शिवाय त्या काळी किल्ल्या कुणाकडे याला अर्थ होता. घरातल्या कर्त्या बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे आणि तो सुनेच्या हाती देणे म्हणजे घराचा कारभार देणे. चावी देणे हा अधिकार देणे आहे, ही जाण होती. आज आपण तीच चावी ‘वॉचमनकडे ठेवून जातो’ असे सहज म्हणतो.

एका घराची चावी किती हातांतून जाते?

एक साधे उदाहरण घेऊ. बिल्डरने ताबा देताना मालकाला तीन चाव्या दिल्या. मालकाने एक स्वतःजवळ ठेवली, एक एजंटला दिली, एक भाडेकरूला. एजंटने घर दाखवण्यासाठी चावी आपल्या मुलाकडे दिली. भाडेकरू येण्याआधी रंगकाम होते, म्हणून ती दोन आठवडे रंगाऱ्याकडे होती. भाडेकरू दोन मित्रांबरोबर राहायला आला, त्यांनी बाजारातून दोन डुप्लिकेट करून घेतल्या. स्वयंपाकाच्या मावशींसाठी आणखी एक. वर्षभराने मित्रांपैकी एक जण नोकरी बदलून गेला, चावी खिशातच राहिली. करार संपला तेव्हा एजंटने विचारले, ‘चावी दिली का?’ भाडेकरूने एक चावी दिली. सगळ्यांचे समाधान झाले.

या सगळ्यात कुणी लबाडी केलेली नाही. तरीही पुढच्या भाडेकरूच्या, समजा लोणीला शिकायला आलेल्या तीन मुलींच्या, घराच्या निदान चार चाव्या अशा लोकांकडे आहेत ज्यांना त्या ओळखतही नाहीत. चावीवाल्याकडे डुप्लिकेट काही मिनिटांत होते आणि चावी कुणाच्या घराची, असे तो विचारत नाही. चोरी झाली तर कुलूप तुटलेले नसते. मग संशय आधी घरातल्यांवर जातो, नंतर कामवाल्या मावशींवर. चाव्यांची नोंद नसण्याची किंमत बहुधा सर्वांत गरीब माणूस मोजतो.

मालकाला हवे तेव्हा आत जाता येते का?

‘घर माझे आहे’ हे खरे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधील कलम २८ स्पष्ट आहे. भाड्याने किंवा परवान्याने, म्हणजे आपण ज्याला ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणतो त्या कराराने, दिलेल्या जागेची पाहणी करण्याचा मालकाला अधिकार आहे. मात्र वाजवी वेळी आणि राहणाऱ्याला आधी सूचना देऊन. मालकाला जे बंधन, तेच त्याच्या वतीने येणाऱ्या एजंटलाही.

इथे एक बारकावा आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या छापील मसुद्यात ‘कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील, परवानाधारकास केवळ वापराची परवानगी आहे’ असे वाक्य सहसा असते. काही मसुद्यांत एक चावी मालकाकडे राहील असेही लिहिलेले असते. त्याचा अर्थ अनेक एजंट ‘कधीही जाता येते’ असा घेतात. पण कलम २८ परवान्याच्या जागेलाही लागू आहे. चावी जवळ असणे वेगळे आणि न सांगता आत जाण्याची मुभा असणे वेगळे.

सर्वाधिक तक्रारी होतात त्या शेवटच्या महिन्यात. भाडेकरूने घर सोडण्याची सूचना दिलेली असते आणि एजंटला नवे गिऱ्हाईक दाखवायचे असते. भाडेकरू कामावर गेला की दुपारी दार उघडून घर दाखवले जाते. संध्याकाळी परतलेल्या माणसाला पलंगावरची चादर विस्कटलेली दिसते, बाथरूमचा दिवा चालू दिसतो. चोरी काहीच झालेली नसते. पण त्या घरात एकट्या राहणाऱ्या बाईला त्या रात्री झोप लागत नाही, हे नुकसान कोणत्याही पावतीवर येत नाही.

चावीने दार उघडले तर ‘घरफोडी’ होते?

घरफोडी म्हटले की कटावणीने तोडलेले कुलूप डोळ्यांसमोर येते. कायद्याची व्याख्या त्यापेक्षा रुंद आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये घरफोडीच्या ज्या रीती दिल्या आहेत, त्यांत कुलूप उघडून आत शिरणे हीदेखील एक आहे. त्यासाठी दिलेले एक उदाहरण तर थेट चावीचे आहे : एखाद्याची हरवलेली चावी दुसऱ्याला सापडली आणि तिने दार उघडून तो घरात गैरप्रवेश करता झाला, तर ती घरफोडी. हे उदाहरण नवे नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत, कलम ४४५ खाली, ते होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेत ते तसेच आले आहे.

अर्थात न सांगता झालेला प्रत्येक प्रवेश गुन्हा ठरत नाही. गैरप्रवेशाच्या गुन्ह्यासाठी हेतू पाहिला जातो : गुन्हा करण्याचा, धाक घालण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा. पाण्याची टाकी फुटली म्हणून धावत आलेला एजंट आणि भाडे थकले म्हणून धमकावायला दार उघडणारा एजंट यांच्यात कायदा फरक करतो. विश्वासाने सोपवलेल्या वस्तूचा अप्रामाणिकपणे वापर केला, तर कलम ३१६ खालील विश्वासघाताचा प्रश्नही उभा राहू शकतो. थोडक्यात, ‘माझ्याकडे चावी होती’ हे उत्तर पोलीस ठाण्यात पुरेसे नाही.

भाडे थकले तर कुलूप बदलता येते का?

नाही. हा मार्ग मालकाला सोपा वाटतो आणि सर्वांत महागात तोच पडतो. भाडेकरू गावाला गेला असताना लॅच बदलणे किंवा त्याच्या कुलपावर आपले कुलूप ठोकणे म्हणजे स्वतःच निकाल देणे. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा व्यंकट राव या प्रकरणात सांगितले, की एखाद्याचा स्थिर ताबा असेल, तर त्याला तिथे राहण्याचा हक्क उरलेला नाही असे धरले तरी मालकाने त्याला कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढले पाहिजे. तो खटला परवान्याने दिलेल्या व्यवसायाच्या जागेचा होता, म्हणून आजच्या लिव्ह अँड लायसन्सच्या काळात तो अधिक लक्षात ठेवावा असा.

बेकायदा बाहेर काढलेल्या व्यक्तीला विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. तिथे मालकी कुणाची हा मुद्दा नसतो. ताबा कसा घेतला, एवढेच पाहिले जाते. वीज-पाणी तोडून भाडेकरूला नमवण्याचा मार्गही भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने बंद केला आहे.

मालकालाही मार्ग आहे, हे तितकेच महत्त्वाचे. निवासी परवान्याची मुदत संपूनही घर सोडले नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. त्यासाठी करार लेखी आणि नोंदणीकृत असणे त्याच्याच हिताचे आहे. ती जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर घर दिले, याबाबत उलट काही सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. किती चाव्या दिल्या होत्या, हाही त्या अटींचाच भाग.

चावी उशिरा परत दिली तर काय?

इथे चावीचा हिशेब थेट रुपयांत होतो. त्याच कलम २४ नुसार मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. समजा भाडे महिना ९ हजार रुपये आहे. दुप्पट म्हणजे १८ हजार, तीस दिवसांच्या महिन्यात दिवसाला ६०० रुपये. करार ३१ मे रोजी संपला. भाडेकरूने त्याच दिवशी सामान हलवले आणि चावी वॉचमनकडे दिली. वॉचमनने ती एजंटला १० जूनला दिली. मालक म्हणतो, ताबा १० तारखेला मिळाला. भाडेकरू म्हणतो, ३१ तारखेला दिला. डिपॉझिटमधून सहा हजार रुपये कापले गेले आणि भांडण सुरू.

यावर उपाय एका वाक्याचा आहे. चावी कुणाच्या हाती दिली म्हणजे ती मालकाला पोहोचली असे समजायचे, त्या व्यक्तीचे नाव करारात लिहावे. आणि चावी देताना पोच घ्यावी. कागदावर सही उत्तम, नाही तर तारीख, वेळ आणि चाव्यांची संख्या लिहिलेला व्हॉट्सअॅप संदेश व त्याला समोरून आलेले ‘मिळाल्या’ हे उत्तर. चाव्यांचा फोटो मात्र टाकू नये. कारण पुढे येते.

चांगले एजंट चाव्या कशा सांभाळतात?

खिळ्यावर टांगलेल्या, ‘गुलमोहर रोड, बी-४’ असे लिहिलेल्या चाव्या अनेक कार्यालयांत दिसतात. ती चावी हरवली तर सापडणाऱ्याला पत्ताही सोबतच मिळतो. काळजी घेणारे एजंट काही साध्या गोष्टी करतात.

पहिली गोष्ट, चावीला पत्ता लावत नाहीत, क्रमांक लावतात. कोणता क्रमांक कोणत्या घराचा, ही वही वेगळ्या कपाटात असते. दुसरी, चाव्यांचे कपाट कुलूपबंद असते आणि त्याची जबाबदारी एकाच माणसावर असते. तिसरी, नोंदवही : तारीख, वेळ, चावी क्रमांक, कुणी नेली, कशासाठी, कधी परत आली, सही. बँकेतल्या लॉकरच्या वहीसारखीच. संध्याकाळी दुकान बंद करताना चाव्या मोजल्या जातात. चौथी, प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियनला चावी देऊन पाठवत नाहीत, सोबत माणूस जातो किंवा भाडेकरू घरी असेल ती वेळ ठरवतात.

पाचवी गोष्ट सर्वांत साधी आणि सर्वांत उपयोगी : बंद पाकीट. भाडेकरू राहत असताना मालकाची किंवा एजंटची चावी पाकिटात घालून ते चिकटवतात आणि जोडावर भाडेकरूची सही व तारीख घेतात. आग, गळती, गॅसचा वास अशा वेळी पाकीट फोडायचे, फोडण्याआधी किंवा लगेच भाडेकरूला फोन करायचा आणि शक्यतो सोसायटीचा एखादा पदाधिकारी सोबत घ्यायचा. पाकीट शाबूत आहे का, हे भाडेकरू केव्हाही पाहू शकतो. मालकाची चिंता आणि भाडेकरूचा खासगीपणा या दोन्हींना दहा रुपयांच्या आत मिळणारे हे उत्तर आहे.

मालकाची चिंता खोटी नसते, हेही मान्य केले पाहिजे. वरच्या मजल्यावरचा नळ उघडा राहिला आणि भाडेकरू चार दिवस गावी गेला, तर खालच्या घराचे छत भिजते. कधी भाडेकरू थकबाकी ठेवून चावीसह गायब होतो. म्हणून ‘मालकाकडे चावीच नको’ हा आग्रह व्यवहारात टिकत नाही. चावी असावी, पण तिला शिस्त असावी.

भाडेकरू बदलला की कुलूप बदलावे का? खर्च कुणाचा?

बदलावे, आणि दरवेळी बदलावे. त्यासाठी सगळे लॅच काढण्याची गरज नसते. सिलिंडर पद्धतीच्या कुलपात फक्त आतले सिलिंडर बदलता येते. एका महिन्याच्या भाड्याच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. ज्यांचे दोन-तीन फ्लॅट आहेत आणि कुलपे एकाच मापाची आहेत, त्यांना तर एका घराचे सिलिंडर दुसऱ्या घराला लावूनही काम भागवता येते; जुन्या भाडेकरूच्या चाव्या जुन्या दाराला निरुपयोगी होतात.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात हे मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरू बदलल्यापासून सात दिवसांत, मालकाच्या खर्चाने, कुलूप नव्या चावीचे करून द्यावे लागते. जर्मनीत घर देताना-घेताना चाव्यांची संख्या लिहिलेला ताबापत्रक करण्याची रीत आहे. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले, की हरवलेल्या चावीपायी इमारतीची सगळी कुलूपव्यवस्था बदलण्याचा खर्च भाडेकरूकडून तेव्हाच घेता येईल, जेव्हा ती खरोखर बदलली जाईल. नुसती भीती दाखवून डिपॉझिट कापता येणार नाही.

आपल्याकडे केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे. आपला व्यवहार १९९९ च्या कायद्यावरच चालतो. तरीही करार लिहिताना त्यातून घेण्यासारखे बरेच आहे. घरात येण्यापूर्वी किमान २४ तासांची लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना आणि सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर प्रवेश नाही, असे तो म्हणतो. मालकाने व्यवस्थापक नेमला असेल, तर त्याचे नाव, त्याला अधिकार दिल्याचा पुरावा, कोणत्या कामासाठी आणि किती काळासाठी, हे भाडेकरूला कळवायचे आहे. कुलूप आणि दाराच्या मुठी बदलण्याचा खर्च मात्र, वेगळे ठरले नसेल तर, त्यात भाडेकरूवर टाकला आहे. वापरताना बिघडलेल्या कुलपापुरते ते ठीक. पण नवा माणूस राहायला येण्याआधी कुलूप बदलून देणे हे मालकाचेच काम मानले पाहिजे. आधीच्या चाव्या कुणाला दिल्या होत्या, हे त्यालाच माहीत असू शकते.

स्मार्ट लॉकने प्रश्न सुटेल?

काही प्रमाणात. आकडे दाबून किंवा मोबाइलवरून उघडणाऱ्या कुलपात भाडेकरू गेला की कोड बदलता येतो, चावीवाल्याकडे जावे लागत नाही. दार कधी उघडले याची नोंदही अनेक कुलपांत राहते. शिर्डीत किंवा भंडारदरा परिसरात एक-दोन रात्रींसाठी घरे देणाऱ्यांना याचा उपयोग आहे. पण प्रश्न तोच राहतो : मुख्य पासवर्ड कुणाकडे? आणि भाडेकरू किती वाजता येतो-जातो याची नोंद मालकाच्या फोनवर दिसत असेल, तर चावीच्या जागी पाळत आली. शिवाय बॅटरी संपली तर उघडण्यासाठी बहुतेक कुलपांना साधी चावी असतेच. तीही मोजावी लागते.

आणि आता फोटोचे. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संगणकशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की चावीच्या फोटोवरून तिच्या दात्यांची मापे काढून तशीच चावी बनवता येते; दूरवरून काढलेला फोटोही त्याला पुरला. चावी ही वस्तू वाटते, पण खरे तर ती चार-सहा आकड्यांची माहिती आहे. ‘नव्या घराच्या चाव्या’ म्हणून हातात धरून काढलेला फोटो स्टेटसला ठेवणे म्हणजे पासवर्ड जाहीर करणे.

करारात कोणती वाक्ये हवीत?

ऑनलाइन नोंदणी करतानाही मसुदा वाचायला मिळतो. ‘स्टँडर्ड आहे, सही करा’ असे म्हटले, तरी पाच गोष्टी मागाव्यात.

एक, दिलेल्या चाव्यांची संख्या, मुख्य दार, सेफ्टी डोअर, गच्ची, मीटर बॉक्स, पार्किंग अशी वेगवेगळी. दोन, मालकाकडे किंवा एजंटकडे किती चाव्या आहेत आणि त्या कुणाच्या ताब्यात, नावासह. तीन, प्रवेशापूर्वी किमान २४ तासांची सूचना, तातडीचे प्रसंग वगळून. तातडीचे म्हणजे कोणते, तेही. चार, डुप्लिकेट करायची असेल तर एकमेकांना कळवणे आणि घर सोडताना सगळ्या परत देणे. पाच, चावी परत घेण्याचा अधिकार कुणाला आणि तो दिनांक हाच ताबा परत मिळाल्याचा दिनांक.

भाडेकरूने राहायला जाताना कुलूप बदलून मागावे. मालकाने नकार दिला तर, त्याला लेखी कळवून, स्वखर्चाने बदलावे आणि जुने सिलिंडर जपून ठेवावे. घर सोडताना ते परत बसवता येते. निदान रात्री आतून लावायला एक कडी किंवा साखळी असलीच पाहिजे. तिला बाहेरून चावी लागत नाही.

मग अडते कुठे?

अडते ते जबाबदारीच्या एकतर्फी वाटणीत. भाडेकरू कोण आहे हे पोलिसांना कळवा, असा आग्रह आपण धरतो आणि त्यात गैर काही नाही. पण त्या भाडेकरूच्या घराची चावी ज्याच्या ड्रॉवरमध्ये आहे, त्याची कुणी पडताळणी करत नाही. नवे प्रकल्प विकणाऱ्या एजंटांना महारेराची नोंदणी लागते. रेरा कायदा विक्रीपुरता आहे, भाड्याच्या व्यवहारांना तो लागू नाही. त्यामुळे भाड्याची घरे दाखवणारा, वर्षानुवर्षे पन्नास-शंभर घरांच्या चाव्या सांभाळणारा माणूस कोणत्याही नोंदवहीत नसतो. तो प्रामाणिक असेल तर ते आपले नशीब.

यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना देताना त्याच अर्जात ‘घराच्या इतर चाव्या कुणाकडे आहेत’ असा एक रकाना वाढवता येईल. सोसायट्या सभासदांकडून भाडेकराराची प्रत मागतात, तेव्हा चावी सांभाळणाऱ्याचे नाव मागू शकतात. वॉचमनच्या टेबलावर पाहुण्यांची वही असतेच, तिच्याशेजारी चाव्यांची वही ठेवता येईल. शहरातील एजंटांनी एकत्र येऊन ‘आम्ही क्रमांकाची चावी, बंद पाकीट आणि नोंदवही वापरतो’ असे जाहीर केले, तर गिऱ्हाईक त्यांच्याकडेच आधी जाईल.

जून जवळ आला की टेम्पोत पलंग, गॅसची शेगडी आणि कूलर चढवलेली कुटुंबे नगरच्या रस्त्यांवर दिसू लागतात. शाळा सुरू होण्याआधी नवे घर लावायचे असते. दाराशी चावी हातात पडते तेव्हा सगळ्यांना घाई असते. त्याच क्षणी एक प्रश्न विचारायचा राहून जातो, तो या वेळी विचारावा : ‘या दाराच्या एकूण चाव्या किती आणि बाकीच्या कुणाकडे?’ समोरच्याला लगेच उत्तर देता आले नाही, तर सामान उतरवण्याआधी कुलूप बदलून घ्यावे.